बिनहुकाची माशी

मासा पकडून परत पाण्यात सोडणाऱ्या माणसाला आमच्या मालवणात सरळ वेडा म्हणतात. काका त्याच्याही पुढचे होते. ते मासा पकडायचेच नाहीत. लीड्सहून तासाभराची गाडी मारून डेल्सच्या दऱ्याखोऱ्यांत जायचं, मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवून गारठलेल्या पाण्यात उभं राहायचं, दिवसभर काठी हलवून खांदे दुखवून घ्यायचे, आणि एखादा ट्राउट मासा वर येऊन आमिषाला तोंड लावून गेला की समाधानाने मान हलवायची. झालं. आमिषाला हुकच नसायचा. तो त्यांनी घरीच पक्कडीने तोडलेला असायचा.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांच्या किचनमध्ये खोबऱ्याचं वाटप तयार ठेवून बसले होते. शनिवार, आणि काका नदीवर गेलेत म्हटल्यावर कुणीही शहाणी बाई काय समजेल?

"मासे?" मी विचारलं.

"भेटले ना. चांगले भेटले."

"मग कुठे आहेत?"

"नदीत," ते म्हणाले, आणि बूट काढायला लागले.

"अहो, मग एवढ्या लांब जाता कशाला?"

"भेटायलाच तर जातो."

त्या वाटपात मी शेवटी बटाटे शिजवले. काकांनी ते मिटक्या मारत खाल्ले आणि मीठ जास्त झालंय असंही सांगितलं. खरं बोलायची त्यांना खोडच होती.

काका म्हणजे माझे लीड्सचे घरमालक. माणूस मूळ नागपूरचा, तरुणपणी इकडे हॉस्पिटलात नोकरीला आलेला, भूल देणारा डॉक्टर. मला भेटले तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. काकू वारल्या होत्या, एकुलती मुलगी लेस्टरला संसारात होती, आणि एवढ्या मोठ्या घरात हे एकटेच. तेही सगळ्या घरात नाही. काकू गेल्यावर बैठकीची खोली त्यांनी हीटिंगसकट बंद करून टाकली होती. ते किचनमध्ये राहायचे आणि झोपायला तेवढे वर जायचे.

मी नर्स. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. इकडे आले, आउटपेशंट्स क्लिनिकमध्ये लागले आणि खोली शोधत होते. क्लिनिकमधली एक नागपूरची मुलगी इथल्या बुद्धविहारात जायची. तिने काकांचा नंबर दिला. फोनवर काकांनी मला ना भाड्याचं विचारलं, ना नवऱ्याचं. एकच प्रश्न विचारला.

"जळमटं काढायची सवय आहे काय तुले?"

मला वाटलं, स्वच्छतेची परीक्षा आहे. मी ताठ मानेने सांगितलं, "रोजच्या रोज काढते, काका. माझ्या घरात कोळी टिकत नाही."

"मग नको," ते म्हणाले.

शेवटी एका अटीवर खोली मिळाली. पुढच्या पोर्चमधली आणि मागच्या दिव्याखालची जळमटं ही काकांची. त्यांना मी झाडू लावायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी लावला. राहवतंय का हो? दारात शिरताना तोंडाला लागत होतं. काका संध्याकाळी पोर्चमध्ये गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग आत येऊन अगदी शांतपणे म्हणाले, "आजचा पेपर फाडला तू माझा."

त्यांचा पेपर म्हणजे ती जळमटं. आज कुठले किडे उडतायत, केवढे, काळे की करडे, हे कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं बघून ते ठरवायचे आणि तसंच आमिष नदीवर न्यायचे. अहो, पण नदी तिथे तासभर लांब, आणि जाळं लीड्समधल्या पोर्चमध्ये, बसस्टॉपच्या समोर. मी म्हटलं, मालवणच्या बाजारात काय आलंय ते वेंगुर्ल्याच्या बाजारात बघून कुणी ठरवतं का? यावर ते म्हणाले, "हवा तर एकच आहे ना." मी भांडी घासायला घेतली.

आता काकांच्या आमिषाचं, म्हणजे माश्यांचं सांगायला हवं. ही खरी माशी नव्हे. पिसाचा तुकडा, रेशमाचा दोरा, थोडे केस, असं सगळं हुकाभोवती गुंडाळून बनवलेला खोटा किडा. नखावर मावेल एवढा. त्यातही दोन जाती. एक पाण्यात बुडणारी आणि एक वर तरंगणारी. तरंगणारीला इथे ड्राय फ्लाय म्हणतात, काका कोरडी माशी म्हणायचे. मासा खालून तिच्याकडे बघतो, खरा किडा समजून वर येतो आणि गपकन तोंडात घेतो. हुक असेल तर अडकला. नसेल तर फसलो म्हणून थुंकतो आणि चालता होतो. हे सगळं तुम्ही शिंकायच्या आत होऊन जातं.

काका फक्त कोरडी न्यायचे. बुडणारीला हातही लावायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बुडणारी कोणी घेतली तर ते हाताले कळते, दोरी ओढल्या जाते. आपल्याला हुकच नाही, तर हाताले काय कळणार? आपलं सगळं डोळ्यावर आहे. ज्या दिवशी पाण्यावरची माशी दिसली नाही, त्या दिवशी नदी संपली."

शुक्रवारी संध्याकाळच्या चहाला माश्या निवडायचा कार्यक्रम असायचा. घरात शेकड्यांनी माश्या होत्या, बिस्किटांच्या डब्यांतून, जुन्या चष्म्याच्या घरातून. न्यायच्या मात्र पाचच. सहावी कधीच नाही. त्या ठेवायच्या गोळ्यांच्या डबीत, ज्यात म्हाताऱ्या माणसांच्या आठवड्याच्या गोळ्या वार लावून ठेवतात ना, त्या. शनिवार आणि रविवारचा कप्पा रिकामा.

"दहा नेल्या तर काय नदी रागावेल?" मी विचारायची.

"जास्त माश्या नेल्या की माणूस नदीकडे पाहत नाही, डबीत पाहते. ही लावू का ती लावू. तेवढ्यात मासा जेवून घरी."

इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण त्यांनी आपली ठेवली होती. एक करडी. एक चिलट. एक मुंगी. एक बारशिंगी, तिला हरणाचे केस लावलेले असायचे. आणि एक होती जिच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा उभा झुबका असायचा, लांबून दिसावी म्हणून. ती शेंडीवाली. ती मात्र त्यांनी डबीत कधी घेतली नव्हती, पाचवी म्हणून आणखी एक करडी जायची.

"शेंडीवाल्यांच्या भरवशावर कधी राहिलो नाही आयुष्यात," ते डोळे मिचकावून म्हणायचे. "आता मासे दिसायसाठी राहू काय?"

पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी खूप हसले. त्या किचनमध्ये तेव्हा माझं हसणं मलाच मोठं वाटलं, इतकं ते घर गप्प असायचं.

हुक का तोडायचे? याची पण कथा आहे. नदीवर त्यांना पहिल्यांदा नेलं त्यांच्या हॉस्पिटलातल्या एका गोऱ्या सर्जनने. काकांच्या गळाला पहिल्याच दिवशी मासा लागला. सर्जन टाळ्या वाजवायला लागला. काका मात्र त्या माशाच्या ताणल्या गेलेल्या तोंडाकडे बघत राहिले. "लोकांना दुखू नये याचाच पगार घेतला मी जन्मभर," मला म्हणाले, "आणि सुट्टीच्या दिवशी हे करून राहिलो." घरी येऊन त्यांनी पक्कड घेतली. पंचशील घेतलेला माणूस, पहिलंच शील प्राण्याची हिंसा न करण्याचं.

मी सोडते की काय? "अहो, पण मागच्या रविवारी विहाराच्या जेवणात तुम्ही साओजी मटणाला दोनदा हात घातलात, ते मी पाहिलंय. ते काय झाडाला लागलं होतं?"

"ते मी मारलं नव्हतं."

"मग मासाही तुम्ही मारू नका. नुसता घरी आणा. पुढचं मी बघते."

त्यावर ते इतके गंभीर झाले की मलाच वाटलं, उगाच बोलले. म्हणाले, "तुझं बरोबर आहे. माझ्यात ती गोम आहे." आणि मटण सोडलं का? छे. फक्त त्यानंतर मटण खाताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

विहारातल्या एका कार्यकर्त्याने त्यांना याहून कठीण प्रश्नात पकडलं होतं. हुक तोडल्याने पहिलं शील सांभाळलं, डॉक्टरसाहेब, पण चौथ्याचं काय? खोटं न बोलण्याचं? पिसांचा खोटा किडा करून मुक्या जिवाला फसवता ते? त्यानंतर किती तरी शुक्रवार काका माश्या पुढ्यात घेऊन नुसते बसायचे. मी म्हटलं, सोडा हो, मासा काय कोर्टात जाणार आहे? शेवटी एका चहाला त्यांनी निकाल दिला.

"मोडतो," ते म्हणाले. "शनिवारी चौथं शील मोडतो मी. जेवढं खोटं माझ्यात आहे ते सगळं तिथं पाण्यात टाकून येतो. म्हणून घरी शिल्लक राहत नाही."

आणि खरंच राहत नव्हतं हो. माझ्या नव्या ड्रेसला ते पडद्याचं कापड म्हणाले. शेजारच्या गोऱ्या बाईने केक आणला तर तिला तोंडावर सांगितलं की आत कच्चा आहे. ती बाई पुन्हा आली नाही. असं एकेक करून त्यांच्याकडे येणारं बरंच कोणी कोणी बंद झालं होतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

नदीवरचा राखणदार मात्र त्यांच्यावर जीव टाकायचा. त्याची पहिली भेट काका नक्कल करून सांगायचे. मासेमारीचा परवाना, क्लबचं कार्ड, सगळं तपासून झाल्यावर त्याने विचारलं, "एनी लक?" काका म्हणाले, खूप. मग त्याने दोरीच्या टोकाची माशी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, डोळ्यांजवळ नेली. हुक तुटलाय तुमचा. हो, मीच तोडला. राखणदार म्हणाला, पण मग परवाना कशाला काढलात? पकडायचं नाही त्याला परवाना लागत नाही. काका म्हणाले, "नियम आहे ना." त्या दिवसापासून तो काकांना लांबून टोपी काढून दाखवायचा. मला एकदा हळूच विचारलं त्याने, इज ही ऑल राइट? मी म्हटलं, नो, पण आमच्याकडे चालतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, येडो मां तो. आणि तू त्येच्याबरोबर जातंस? तुका दुसरा काय काम नाय?"

मी जायला लागले ते काकांच्या डोळ्यांमुळे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला होता. या आजारात कडेचं दिसतं आणि ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. माझ्या तोंडाकडे बघायचं असलं की ते माझ्या कानापलीकडच्या फ्रिजकडे बघायचे. तपासणी झाली त्याच दिवशी त्यांनी गाडीचं लायसन्स पाकिटात घालून परत पाठवलं. कोणी मागायच्या आत. मुलीने मग लगेच धोशा लावला, बाबा, घर विका, आमच्याकडे लेस्टरला या, खाली एक खोली तुमच्यासाठी केलीय. काकांनी तिला शब्द दिला.

"जोपर्यंत पाण्यावरची माशी दिसते, तोपर्यंत इथं. ज्या दिवशी नाही दिसली, त्या दिवशी तू म्हणशील तिथं."

खोटं न बोलणाऱ्या माणसाचा शब्द. मुलीने तो मानला.

पण नदीवर नेणार कोण? मी म्हटलं, मी नेते. गाडी त्यांची, हात माझे. क्लिनिकमध्ये सगळ्यांना सांगायची मी, आमच्या म्हाताऱ्या काकांना शनिवारी फिरवून आणावं लागतं, काय करणार, त्यांना कोणी नाही बिचाऱ्यांना. मैत्रिणी म्हणायच्या, सो काइंड ऑफ यू. मला ते आवडायचं. त्याआधीचे माझे शनिवार कसे होते ते मी कुणाला सांगत नव्हते. शुक्रवारी 'हॅव अ नाइस वीकेंड' म्हणून निघाले की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं फक्त सुपरमार्केटमधलं बिलाचं मशीन. एखाद्या रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला की माझा आवाज बसलेला निघायचा. आईला वाटायचं सर्दी झालीय.

तर मी गाडी चालवायची, काका शेजारी बसून रस्ता सांगायचे, दिसत नसलेला, पण पाठ असलेला. नदीकाठी मी घडीची खुर्ची टाकून बसायची. थर्मासमधला चहा, पोळीची गुंडाळी. समोर काका पाण्यात. पाण्यावर काय चाललंय ते मलाही हळूहळू दिसायला लागलं. आधी नुसतं पाणी दिसतं. मग त्यात एक गोल उमटतो, पावसाचा थेंब पडल्यासारखा, आणि पाऊस तर नसतो. तो मासा.

"घेतली," काका म्हणायचे, हळू आवाजात.

"घेतली," मी म्हणायची.

दोघांना एकदमच दिसलं की त्यांना फार बरं वाटायचं. असं तासन्तास. मध्ये एखादं मेंढरू ओरडायचं. कधी कधी आख्ख्या दिवसात आमचं तेवढंच बोलणं व्हायचं, आणि तरी घरी परतताना माझा घसा मोकळा असायचा.

माश्या निवडताना फरक पडायला लागला तो मला आधी कळलाच नाही. चिलट डबीतून गेलं. फार बारीक, म्हणाले, आजकालचे मासे आळशी झालेत. मग मुंगी गेली. मग बारशिंगी मोठी झाली, त्याहून मोठी झाली, शेवटी झुरळाएवढी. आणि एका शुक्रवारी बघते तर मंगळवारच्या कप्प्यात शेंडीवाली.

"काका, हे काय?"

"तिचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे ना कोणीतरी," ते म्हणाले, पण डोळे मिचकावले नाहीत.

पुढच्या महिन्यात डबीत पाचही शेंडीवाल्या होत्या. मी काही बोलले नाही. मला काय कळत नव्हतं? नर्स आहे मी. पण बोलले असते तर बोलणं तिथवर गेलं असतं जिथे मला न्यायचं नव्हतं. जळमटांकडे तर त्यांनी बघणंच सोडलं होतं. पोर्चमध्ये जाळ्यावर जाळी चढली होती, आणि आता मी ती काढली असती तरी पेपर फाडला म्हणणारं कोणी नव्हतं. मी काढली नाहीत.

मुलीचा मला फोन यायचा. तिचं मराठी इकडचंच. "ताई, खरं सांगा हं. बाबाला माशी दिसतो का अजून? मला ओरडू नका, मी फक्त काळजी करते."

"दिसते गं," मी म्हणायची. "परवाच तीनदा दिसली."

आणि ते खोटं नव्हतं, कारण 'घेतली' असं काका अजून म्हणत होते. कधी माझ्याआधी म्हणत. मला वाटायचं, कडेच्या नजरेने दिसत असेल. ते नदीवर असे उभे राहायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पलीकडच्या तीरावरच्या मेंढ्या मोजतोय. पण तसंच बघावं लागतं ना त्या आजारात.

मग ऑगस्टमधला तो शनिवार. वारा होता. काका नेहमीच्या जागी, मागे अल्डरची झाडी. मी चहा ओतत होते. काकांनी दोरी मागे घेतली, पुढे फेकली, आणि ती पुढे गेलीच नाही. दोरीचं टोक फांदीला गुंडाळून माशी मागच्या झाडात अडकली होती. पांढरी शेंडी हिरव्या पानांत लख्ख दिसत होती मला. ढिली दोरी काकांच्या गुडघ्यांपाशी पाण्यात पडून वाहत होती. मी उठले. म्हणणार, काका थांबा, सोडवते.

"घेतली," काका म्हणाले. "पाहिला काय? केवढा होता. आख्खा वर आला."

ते पाण्याकडे बघून हसत होते. पाण्यावर काहीही नव्हतं.

त्या माणसाने आयुष्यात कुणाच्या केकला चांगलं म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "हो काका. मोठा होता."

मग मी जाऊन माशी झाडातून सोडवली, आणि त्यांनी विचारलं नाही मी मागे कशाला गेले ते.

आम्ही लवकर निघालो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. वाटत होतं, घरी गेल्यावर मुलीला फोन करावा लागणार. मग ती येणार, घर विकणार, काका जाणार. आपण पुन्हा कुठल्या तरी खोलीत. मग वाटलं, नाही सांगायचं. म्हातारा माणूस एक नदी धरून जगतोय, त्याच्यासाठी एवढं खोटं आपण रेटू. आपण आहोत म्हणून तर त्याला शनिवार आहे. असं मी स्वतःला समजावत गाडी हाकत होते, आणि वाटेतलं ओटली गाव यायच्या जरा आधी काका म्हणाले,

"माशी झाडात होती ना?"

मी पुढे जागा दिसली तिथे गाडी बाजूला घेतली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोरी ओढली तेव्हा पानं वाजली. कान चांगले आहेत माझे."

"मग घेतली कशाला म्हणालात?"

"तू वाट पाहून राहिली होतीस." ते माझ्याकडे बघायला वळले, म्हणजे माझ्या खिडकीकडे. "गेल्या उन्हाळ्यापासून पाण्यावरचं काही नाही दिसत मला. शेंडीवाली पण नाही. पाणीच नुसतं चमकते."

"गेल्या उन्हाळ्यापासून?" मी म्हणाले. "अहो, मग हे सगळे शनिवार? ती घेतली, ही घेतली?"

"अंदाजाने म्हणत होतो. काही वेळा बरोबरही निघालं असेल."

"आणि मुलीला दिलेला शब्द?"

"तो मोडला मी. लेस्टरला मला खोली आहे, नातू आहे. तिथं मला करमेल. मी कधीच गेलो असतो." बाजूने एक ट्रक गेला आणि गाडी हलली. "तुले शनिवारी दुसरं कुठं जायचं असते काय?"

चेष्टा नव्हती. भूल द्यायच्या आधी पेशंटला विचारतात, काही अॅलर्जी आहे का, तसं त्यांनी विचारलं. खरं उत्तर हवं म्हणून.

मला एवढा संताप आला. तोंडावर आलं होतं, तुम्ही तुमचं बघा, मी तुम्हाला फिरवतेय, तुम्ही मला नाही. सो काइंड ऑफ यू. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. आणि मग कोण जाणे कसं, तोंडातून दुसरंच आलं.

"नाही," मी म्हणाले. "कुठेच नाही."

काकांनी मान हलवली, नदीवर हलवायचे तशी. मग रुमाल काढून दिला. मी नाक पुसेपर्यंत ते आपले समोरच्या काचेकडे बघत बसले.

"सीझन संपायला अजून वेळ आहे," ते म्हणाले. "मुलीला मी उद्या खरं सांगतो, पण सीझन संपल्यावर येतो म्हणतो. शुक्रवारी माश्या तू निवड. मला नाही दिसत म्हणून काय झालं? तुले दिसते ना."